दाजींच्या परवान्याचं नूतनीकरण

धाराशिव जिल्ह्यात बाहेरची माणसं जातात ती बहुतेक तुळजापूरला. दर्शन घेतात, प्रसादाचा पुडा घेतात आणि माघारी फिरतात. मी गेल्या डिसेंबरात त्या जिल्ह्यात अकरा दिवस राहिलो आणि तुळजापूरला गेलोच नाही. आक्काचा फोन आला म्हणून मी गेलो होतो.

आक्का माझी थोरली बहीण. आम्ही मूळचे कराडचे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन ती येडशीजवळच्या एका खेड्यात गेली आणि आता तिच्या बोलण्यात कराडचा एक शब्द उरलेला नाही. मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी अमेरिकेत गेलो. ओहायो राज्यातल्या एका लहान गावात शाळेत गणित शिकवतो. नाताळची सुट्टी लागायच्या आधी आक्का दरवर्षी फोन करते आणि "बरा हायस न्हवं?" एवढं विचारून ठेवून देते. यंदा मात्र म्हणाली, "आरं, येऊन जा एकदा. दाजींच्या बंदुकीचा परवाना नवा करायचाय. त्येंच्यासंगं घरचं कुणीतरी पायजे."

तिची एकुलती एक लेक हैदराबादला नोकरीत असते, हे मला माहीत होतं. तरी बंदुकीचा परवाना नवा करायला ओहायोतून भाऊ बोलवायचा, हे मला अजब वाटलं. थोडी उत्सुकताही होती. मी राहतो तिथं बंदूक विकत घ्यायला परवाना लागतच नाही. तो नवा कसा करतात, हे बघायला मिळणार होतं.

येडशी

सकाळी नऊला येडशी स्टेशनवर उतरलो. हवा कोरडी आणि गार, समोर बालाघाटाचे बुटके डोंगर, पानगळीला लागलेलं अभयारण्य. फलाटावर माझ्याशिवाय दोन प्रवासी आणि रामलिंगाच्या देवळाकडून वाट चुकून आलेलं एक माकड होतं. माझ्या पिशवीत काय आहे याचा अंदाज ते माझ्यापेक्षा चांगला घेत होतं. बिस्किटाचा पुडा त्याला देऊन मी सुटका करून घेतली.

दाजी न्यायला येणार होते. "म्या सोता येतूय, मास्तर, तुमी जाग्यावरनं हलू नका," असं त्यांनी आदल्या दिवशी फोनवर बजावलं होतं. दाजी चौऱ्याहत्तर वर्षांचे. उंच, ताठ, शब्दाला पक्के. मी हललो नाही. दोन चहा झाले, अकरा वाजले. मग एका अनोळखी नंबरावरून फोन आला. "तुमचे दाजी हितं कळंबच्या स्टँडवर बसलेत. पुण्याची एष्टी आली का म्हणून घडीघडी विचारलालेत."

वीस वर्षांपूर्वी मी एकदा एसटीनं कळंबला उतरलो होतो. तेव्हा दाजीच न्यायला आले होते.

शेवटी त्यांचे शेजारी बब्रुवानराव आपली पिकअप घेऊन आधी कळंबला गेले आणि मग येडशीला आले. दाजी पुढच्या सीटवरून हसत उतरले. "मास्तर, गाडी तुमी चुकलात आन बोंब माझ्या नावानं!" बब्रुवानराव हसले, मीही हसलो. घरी पोचल्यावर आक्काला सगळं सांगितलं. ती हसली नाही. तांब्याभर पाणी माझ्या हातात देऊन आत निघून गेली.

भाकरीच्या तव्याजवळ

त्या घरात दिवस चुलीपाशी सुरू होतो. आक्का गॅसवर चहा करते, पण भाकरी चुलीवरच. ज्वारीची भाकरी, खलबत्त्यात कुटलेली शेंगाचटणी आणि हुलग्याचं माडगं. माडग्याची चव मी विसरलो होतो. पहिला घोट घेतला आणि थंडीच्या दिवसांत आई ते आमच्यापुढं ठेवायची, ते आठवलं.

दुसऱ्या दिवशी दाजी रानात गेल्यावर आक्कानं भाकरी थापता थापता मला खरं कारण सांगितलं.

दाजींची बंदूक म्हणजे बारा बोअरची एकनळी, त्यांच्या वडलांकडून आलेली. रान अभयारण्याच्या कडेला, त्यामुळं ज्वारीत आणि हरभऱ्यात रानडुकरं घुसतात. पीकसंरक्षणासाठी परवाना मिळालेला. दाजी सहसा हवेत बार काढायचे. आवाजानंच डुकरं पळायची. मागच्या महिन्यात दिवेलागणीला ते रानात होते. बांधाच्या पलीकडं काहीतरी काळं हललं. त्यांनी हवेत नाही, सरळ त्या काळ्यावरच बार काढला.

"आपल्या बांधावर मेंढरं चारतो त्या म्हाळूची मेंढी व्हती," आक्का म्हणाली. "आन म्हाळू तिच्यापासनं चार पावलांवर, काळं घोंगडं पांघरून बसला व्हता."

"मग?"

"मेंढी मेली. म्हाळू उठून आला, दाजींच्या हातनं बंदूक घेतली, नळी उघडून आतलं काडतूस काढलं आन बंदूक माघारी दिली. एक शब्द बोलला न्हाय. हितं येऊन मला सांगून गेला, 'आक्का, ध्यान ठिवा.'"

"आणि दाजी?"

"त्येंनी घरी येऊन सांगितलं, डुक्कर पाडलं." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "सकाळी त्येबी आठवंना. आता परवाना नवा झाला की पुढं कैक वर्सं काळजी न्हाय, म्हणतेत. माझं ऐकत न्हाईत. तू शिकलेला हायस, तुझं ऐकतेल."

मी तिला धीर दिला. म्हणालो, आक्का, इथला कायदा चांगला आहे. नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो, पोलीस चौकशी करतात. तिथं सगळं आपोआप उघडकीला येईल. आपल्याला काही बोलावंच लागणार नाही.

ती म्हणाली, "आपोआप?" आणि भाकरी उलटली.

येळवस

माझ्या मुक्कामात वेळ अमावस्या आली. तिकडं तिला येळवस म्हणतात. लातूर-धाराशिवकडं हा दिवस दिवाळीएवढा मोठा, आणि कराडला त्याचं नावही कुणाला माहीत नाही. गावं ओस पडतात. माणसं, लेकरं, पाहुणे, सगळे रानात. कडब्याच्या पेंढ्यांची छोटी खोप उभी करायची, आत पाच पांडव मांडून पूजा करायची, मग आंबील शिंपडत पिकाला फेरा घालायचा. फेऱ्यात आरोळी देतात ती निम्मी कानडी. तिचा अर्थ कुणालाच सांगता आला नाही, पण सगळे जोरात देतात. मीही दिली.

आणि जेवण! हिरवे दाणे, पालेभाज्या, तूर, वाल, जे जे रानात असेल ते बेसनात शिजवून केलेली भज्जी. बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे. गव्हाची खीर. मडक्यात घोंगडीनं झाकून ठेवलेली ताकातली आंबील. इथं आमंत्रण नावाचा प्रकार नाही. बांधावरून जाणाऱ्या माणसाला हात धरून बसवतात. ओहायोत माझ्या शेजाऱ्याकडं जायचं तर मी चार दिवस आधी फोन करतो. इथं दोन तासांत मला तीन अनोळखी रानांमध्ये जेवावं लागलं.

चौथ्या पंगतीला, आमच्याच रानात, म्हाळू आला. पन्नाशीचा, काटक, खांद्यावर घोंगडं, मागं तीन कुत्री. दाजींनीच हाक मारली, "ये म्हाळू, बस." तो बसला. दाजींनी स्वतः त्याला आंबील वाढली. मी दोघांच्या चेहऱ्यांकडं बघत होतो. एकाला काही आठवत नव्हतं, आणि दुसरा काही दाखवत नव्हता.

बब्रुवानरावांनी मला विचारलं, "मास्तर, तुमच्याकडं शाळेत घुसून लेकरांवर गोळ्या घालतेत म्हणं. खरं काय?"

मी सांगितलं. आमच्या शाळेत कधी झालं नाही, पण सराव होतो. भोंगा वाजला की मी दार आतून लावतो, दिवे घालवतो, खिडकीच्या काचेवर कागद ओढतो. पंचवीस मुलं कोपऱ्यात जमिनीवर बसतात. बोलायचं नाही, रडायचं नाही. बाहेरून कुणी दाराची कडी हलवून बघतं. आम्ही दार उघडायचं नाही, ओळखीचा आवाज असला तरी.

"किती मोठी लेकरं?" दाजींनी विचारलं.

"अकरा-बारा वर्षांची."

दाजींनी हातातला उंडा ताटात ठेवला. "आन ती गप बसतेत?"

"बसतात. सवय झाली आहे."

मग बब्रुवानराव म्हणाले, "मग आपला कायदा न्या की तिकडं. कलेक्टर बसवा. अर्ज, चौकशी, परवाना. झालं काम!"

हे तर माझ्याच मनातलं. तिकडच्या शिक्षकांच्या खोलीत मी हे भाषण कितीदा तरी केलं आहे. मी उत्साहानं सांगू लागलो की भारतात बंदूक हा हक्क नाही, सरकारनं दिलेली मुभा आहे; कारण सांगावं लागतं; हेच तिकडं हवं.

दाजींनी मला मधेच थांबवलं. "तिकडं बंदुका किती हायत?"

"माणसांपेक्षा जास्त, असं म्हणतात."

"आरं तिच्या!" दाजी हसले. "मास्तर, आमच्या गावात दोन हायत. एक माझी, एक पाटलाची. कोन्या कपाटात हाय, ते शेंबडं पोरबी सांगंल. निवडणूक आली की दोन्ही ठाण्यात जमा करतूत. पावती घेतूत. निकाल लागला की घरी आणतूत. तुमच्याकडं जमा करा म्हणलं तर ठाण्यात जागा पुरंल का? आन आणून कोन देतंय?"

"कायदा आला की हळूहळू कमी होतील," मी म्हणालो. "इथंही कायद्यामुळंच कमी आहेत ना?"

"कायद्यानं न्हाय. आदी इंग्रजानं आन हिकडं निजामानं कुणाच्या हाती लागूच दिल्या न्हाईत. भ्याले व्हते आपल्याला. त्येंचं भेव व्हतं, त्येचा आपल्याला फायदा झाला. तुमच्या तिकडं उलटं. तिथं रयतच सरकाराला भेती, म्हणून घरोघर ठिवल्या. कायदा एका रोपावानी उपटून दुसरीकडं लावता येत न्हाय, मास्तर. माती बघावी लागती."

ज्या माणसाला येडशी आणि कळंब यांतला फरक त्या आठवड्यात कळला नव्हता, तो हे बोलत होता.

म्हाळू तोवर खाली मान घालून जेवत होता. तो म्हणाला, "गुरुजी, हितला कायदा लई चांगला म्हणता, चांगला आसंल. पर लांडगा येतूय माझ्या मेंढरांवर, पाटलाच्या कपाटावर न्हाय. मला परवाना द्या म्हणून म्या कचेरीत उभा ऱ्हायलो तर मला कोन इचारतंय? सातबारा दाव म्हणतेल. माझं घर पाठीवर."

"तुम्हाला हवी आहे का बंदूक?" मी विचारलं.

त्यानं जरा विचार केला. "नगं," तो म्हणाला. "कुत्री बरी. कुत्र्याला मी आन लांडगा वेगळा कळतूय."

बब्रुवानराव मोठ्यानं हसले. दाजीही हसले. म्हाळूनं माझ्याकडं एकदाच बघितलं आणि आंबिलीचा पेला पुढं केला.

धाराशिव

दोन दिवसांनी दाजी आणि मी एसटीनं धाराशिवला गेलो. दाजींनी इस्त्रीचा सदरा, पांढरं धोतर, नवी टोपी असा थाट केला होता. परवान्याचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी छातीशी. बंदूक घरी, कुलपात. कचेरीतल्या बाईंनी अर्ज बघितला, दोन ठिकाणी सह्या घेतल्या आणि वैद्यकीय दाखल्याचा नमुना हातात दिला. सगळं शिस्तीत, नम्रपणे. आपोआप होणार या माझ्या समजुतीला अजून धक्का लागला नव्हता.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर तिशीच्या असतील. त्यांनी दाजींचा रक्तदाब बघितला, डोळे तपासले, हात पुढं करायला लावले. मग गप्पा मारल्यासारखे प्रश्न विचारले. गाव कुठलं? शेत किती? लग्न कधी झालं? दाजी फुलले. आपल्या लग्नात पाऊस आला आणि मांडव कसा पडला ते त्यांनी असं रंगवून सांगितलं की बाहेर थांबलेली परिचारिकाही दारात येऊन ऐकू लागली. कोणत्या साली रझाकारांच्या भीतीनं त्यांचे वडील रानात झोपायचे, ती ऐकीव गोष्टही झाली. जुनं सगळं लख्ख.

डॉक्टरांनी पेन उचललं. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्ही घरचे ना? यांच्या हातात बंदूक राहावी असं तुम्हाला वाटतं? हा प्रश्न नमुन्यात नाही. मी आपला विचारते."

इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी तोवर माझ्या बायकोलाही सांगितली नव्हती.

ओहायोत आमच्या गल्लीत डेल नावाचे म्हातारे गृहस्थ राहत. आयुष्यभर सुतारकाम केलेले, माझ्या घराचा कठडा त्यांनीच बांधून दिलेला. दोन वर्षांपूर्वी, झाडांची पानं गळायच्या दिवसांत, त्यांची बायको कॅरल अंगणातला पाला गोळा करत होती. ती मला थांबवून म्हणाली की डेल आता तिला स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारतात, आणि तळघरात सात बंदुका आहेत. काय करू? मी म्हणालो, डॉक्टरला दाखवा. आणि घरी आलो. दुसऱ्याच्या बंदुकीबद्दल बोलणं तिकडं फार नाजूक. त्यांच्या घरातल्या गोष्टीत मी परका माणूस काय बोलणार? आमच्याकडं असं सांगायला कुठली कचेरी आहे, हेही मला माहीत नव्हतं. त्याच हिवाळ्यात एका सकाळी डेलना वाटलं चोर आला. त्यांनी बंद दारातून गोळी झाडली. पलीकडं वर्तमानपत्र टाकणारी बाई होती. ती वाचली. तिचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. पोलीस गल्लीत घरोघर विचारायला आले, तेव्हा मी सांगितलं की मला काही कल्पना नव्हती.

डॉक्टर वाट बघत होत्या. दाजी माझ्याकडं बघून हसत होते, आता मेव्हणा आपलं कौतुक करणार अशा खात्रीनं.

"डॉक्टर," मी म्हणालो, "मागच्या महिन्यात यांनी डुक्कर समजून मेंढी मारली. मेंढीपासून चार पावलांवर माणूस बसला होता. दुसऱ्या दिवशी यांना ते आठवत नव्हतं."

दाजींचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. "कसली मेंढी?" ते म्हणाले. मग माझ्याकडं वळले. पंचेचाळीस वर्षांत मला 'तुमी'शिवाय न बोललेला माणूस म्हणाला, "तू मला चारचौघांत येडं ठरवलास."

उठून ते बाहेर गेले. डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली नाही. तो फाडलाही नाही. बाजूला ठेवला आणि मेंदूच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी चिठ्ठी लिहून दिली. मी पळत बाहेर आलो, तर दाजी नव्हते.

पुढचा दीड तास मी धाराशिव शहर बघितलं असं म्हणता येईल. कोर्टाच्या आवारात गेलो, बाजारात गेलो, स्टँडवर प्रत्येक गाडीत डोकावलो. रिक्षावाल्यांना वर्णन सांगितलं. पांढरं धोतर आणि टोपी या वर्णनाचे चार म्हातारे त्यांनी मला दाखवले. आक्काला काय सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत होतो.

ते सापडले एका केशकर्तनालयात. खुर्चीत बसलेले, गालांवर साबणाचा फेस, कापसाच्या जुन्या जातींबद्दल न्हाव्याशी गप्पा. आरशात मी दिसलो तसे न्हाव्याला म्हणाले, "हे आमचे मेव्हणे. अमेरिकेत मास्तर हायत. ह्येंचीबी दाढी करा."

राग विसरले होते की गिळला होता, मला कळेना. मी दुसऱ्या खुर्चीत बसलो. दाढी करून घेतली.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. येडशी जवळ आली तेव्हा बाहेर बघतच म्हणाले, "म्हाळू व्हता काय त्यो?"

"हो, दाजी."

म्हाळूच्या वाड्यावर

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर दाजी काठी घेऊन निघाले. मी मागं गेलो. त्यांनी नको म्हटलं नाही. माळावरच्या त्या वाड्यात, जाळीच्या कुंपणात, म्हाळूची मेंढरं होती. त्याची बायको चुलीवर दूध तापवत होती. दाजी उभ्यानंच म्हणाले, "म्हाळू, तुझी मेंढी म्या मारली का?"

म्हाळूनं आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "व्हय, मालक."

"तुझ्यावर बार काढला?"

"मेंढीवर काढला. म्या शेजारी व्हतो."

"मग बोलला का न्हाईस? ठाण्यात का गेला न्हाईस?"

"ठाण्यात गेलो आसतो तर बंदूक गेली आसती. मग तुमच्या बांधावर माझी मेंढरं कोन चरू देतंय?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "धा वर्सं तुमच्याच रानावर जगलालाव."

"म्हंजी भ्यालास."

"भ्यालो की. दोन्हीकडनं."

दाजी तिथं एका दगडावर बसले. म्हाळूच्या बायकोनं त्यांच्या हातात दुधाचा पेला दिला. तो त्यांनी प्यायला नाही, नुसता धरून बसले. मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. कायदा आपोआप काम करतो, असं मी आक्काला सांगितलं होतं. इथं तर ज्याच्यावर गोळी झाडली गेली, त्यालाच तोंड उघडणं परवडत नव्हतं. आणि तिकडं मला परवडत होतं, तरी मी उघडलं नव्हतं.

"बांध तुझाच हाय," दाजी शेवटी म्हणाले. "मी असू दे, नसू दे. मास्तर, ऐकलात न्हवं? आक्काला सांगा, लेकीला सांगा. मी इसरलो तर तुमी ध्यानात ठिवा." मग म्हाळूला, "पर डुकरांचं काय?"

"सोयाबीनचं रान मोकळं हाय न्हवं?" म्हाळू म्हणाला. "ज्वारी निघंपतुर मेंढरं तिथं बसवतो. कुत्री तिन्ही बाजूला बांधतो. डुक्कर येत न्हाय. आन रानाला लेंडीखत हुतंय."

दाजींनी दूध प्यायलं.

ठाण्यात

भारतातून ओहायोत परत आल्यापासून शाळेतले सहकारी मला विचारतात, मग, तुमच्या देशाचा कायदा इथं चालेल का? पूर्वी मी पाच मिनिटांचं भाषण करायचो. आता मी त्यांना आधी मेंढीची गोष्ट सांगतो आणि मग डेलची. कायदा हवा, असं मी अजूनही म्हणतो, पूर्वीपेक्षा जास्त ठामपणे. धाराशिवला डॉक्टरच्या टेबलावर एक कागद होता म्हणून तर तो प्रश्न विचारला गेला; कॅरलला असा कागद, असं टेबल मिळालं नाही. पण त्या कागदापुढं बसून खरं सांगणारी माणसं बोटीतून मागवता येत नाहीत. ती जिथली तिथंच तयार व्हावी लागतात. आता मी कॅरलकडं दर रविवारी जातो. ती मला बसवते, कॉफी देते. त्या दिवसाबद्दल मी तिची माफी मागितली आहे. त्यावर ती अजून काही बोललेली नाही.

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही बब्रुवानरावांच्या पिकअपमधून ठाण्यात गेलो. दाजींनी सकाळी बंदूक तेल लावून पुसली होती, कापडी खोळीत घातली होती. आक्का दारापर्यंत आली. तिनं बंदुकीला हळद-कुंकू लावलं. दाजी म्हणाले, "दसरा न्हाय आज." ती म्हणाली, "ठावं हाय."

हवालदार ओळखीचे होते. निवडणुकीत बंदूक तेच जमा करून घेत. "काका, आत्ता कुठं निवडणूक हाय?" ते म्हणाले.

"कायमची जमा करायचीय."

हवालदारांनी नळी उघडून बघितली, नंबर परवान्याशी ताडून पाहिला आणि नोंदवहीत लिहायला घेतलं. एका रकान्यापाशी थांबले. "कारण काय लिहू? वय झालं म्हणून लिहितो."

"वय समद्यांचंच व्हतंय," दाजी म्हणाले. "लिवा, बार कुणावर काढला ते ध्यानात राहत न्हाय."

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी थोडा विचार केला आणि 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं लिहून वही सहीसाठी पुढं सरकवली. दाजींनी चष्मा लावला. बोट ठेवून वाचलं.

"म्या सांगितलं ते हे न्हाय."

"काका, रकान्यात एवढी जागा नसती."

"मग कडंला लिवा."

बाहेर बब्रुवानरावांनी हॉर्न दिला. हवालदारांनी एक सुस्कारा सोडला, वही आडवी केली आणि समासात बारीक अक्षरात दाजींचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. दाजींनी ते दोनदा वाचलं. मग सहीची जागा सोडून त्या वाक्याच्या खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.